जांभळी पट्टी

घरात दोन पक्ष पडले तेव्हा पहिली शिक्षा झाली ती बटाट्यांना. एका शनिवारी सकाळी जावई स्वयंपाकघरात आला, बटाट्यांची टोपली उचलून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली आणि हात झटकत म्हणाला, "शत्रू घराबाहेर गेला."

सून दूध तापवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "भाऊजी, मग साखरेचं काय करू? तुरुंगात टाकू?"

"टाका," जावई म्हणाला. तो गंमत करत नव्हता.

बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. आता औषधाच्या फेऱ्या चालू होत्या, आणि प्रत्येक फेरीगणिक बाबा थोडे थोडे कमी होत होते. ज्या माणसाला अख्खी गल्ली 'क्रेन' म्हणायची, ज्याने लोखंडी कपाटं पाठीवर घेऊन चौथ्या मजल्यावर चढवली, ज्याच्या जिवावर आजोबांच्या हातगाडीचे पुढे सामान हलवणारे तीन ट्रक झाले, तो माणूस आता पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलत होता. खांद्यांवरचं मांस कुठे गेलं ते कळत नव्हतं. सदरा हँगरला लावावा तसा अंगावर लटकायचा.

अशा वेळी प्रत्येक कुटुंबात एक तारणहार उभा राहतो. या कुटुंबात तो जावयाच्या रूपाने उभा राहिला. जावई विमा विकायचा. गेल्या वर्षी त्याने पाव, भात आणि साखर सोडून स्वतःचं पोट उतरवलं होतं, आणि उतरलेल्या पोटाच्या जागी एक धर्म आला होता. लोणी घातलेली कॉफी तो भक्तिभावाने प्यायचा. 'साखरमुक्त जग' नावाच्या मोबाइलवरच्या ग्रुपचा तो संस्थापक होता आणि बराच काळ एकमेव बोलणारा सदस्यही. बाबांचा आजार कळला त्या आठवड्यातच त्याने वाचून काढलं की गाठ साखरेवर जगते, साखर तोडली की गाठ उपाशी पडते, आणि माणूस मात्र चरबीवर मजेत चालतो. त्याचं वाचन दांडगं होतं. अडचण एवढीच होती की लेखात जिथे 'पण' हा शब्द यायचा, तिथे तो वाचायचं थांबवायचा.

मग त्याने रजा टाकली, बायकोला घेऊन सासरी मुक्काम ठोकला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लोण्यात तरंगणारी अंडी. चीज घातलेला पालक. नारळाच्या तेलात बुडवलेलं काहीतरी, ज्याचं नाव विचारायचं धाडस कुणी केलं नाही. आणि रोज सकाळी ती पट्टी. कागदाची बारीक पट्टी बाबांच्या लघवीत बुडवायची. शरीर चरबी जाळू लागलं की ती जांभळी होते. पहिल्यांदा पट्टी जांभळी झाली तेव्हा जावयाने तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'विजय!' बाबांच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, चष्मा न लावता तो पाहिला आणि 'किती गोड! नाव काय ठेवलं?' असं उत्तर पाठवलं.

पण काही आठवड्यांनी एका शुक्रवारच्या तपासणीत डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलं, बाबांच्या दंडाकडे पाहिलं आणि चेहरा गंभीर केला. "असंच उतरत राहिलं तर पुढची फेरी देता येणार नाही," ते म्हणाले. "शरीर पेलणार नाही. सोमवारी आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना भेटा. तोवर काय खातात ते बघा."

तोवर काय खातात ते बघण्यासाठी रविवारी बैठक बसली.

बैठक जेवणाच्या टेबलाशी होती. या घरातली एकही खुर्ची दुसरीसारखी नव्हती, कारण घर बदलताना लोक जे मागे टाकून जातात ते सगळं इथे येऊन पडायचं. बाबांच्या थोरल्या मुलाने हातांची उंच खुर्ची धरली. तो आता धंदा बघायचा आणि ती खुर्चीही आपोआप त्याचीच झाली होती. जावयाच्या वाट्याला कुठल्यातरी बालवाडीतून आलेली बुटकी खुर्ची आली. टेबलाच्या वर त्याची फक्त हनुवटी आणि श्रद्धा दिसत होती.

"मुद्द्याचं बोलू," थोरला म्हणाला. "वजन उतरतंय. स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात आहे? भाऊजींच्या. संपला विषय."

"दादा, वजन म्हणजे नेमकं काय?" जावयाने सबुरीने विचारलं. हप्ता चुकवलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायचा तो स्वर होता. "वजनात पाणी असतं. सूज असते. सुरुवातीला पाणी जातं."

"त्यांच्या पायजम्याची नाडी बघा. पाणी नाही गेलेलं, माणूस गेलाय."

"हे बघा, ट्रक कसा डिझेलवर चालतो? तसं शरीराला एकदा चरबीवर चालायची सवय झाली की..."

"ट्रकचं मला शिकवू नका. डिझेलच्या टाकीत मी अजून कुणाला लोणी ओतताना पाहिलं नाही."

धाकटी या दोघांच्या मधे बसली होती. ती थोरल्याची बहीण, जावयाची बायको आणि शाळेत गणित शिकवणारी. तिन्ही नात्यांनी तिला या भांडणाचा कंटाळा आला होता. भांडण आहाराचं नव्हतं हे तिला ठाऊक होतं. दुसरा ट्रक घेतला त्या वर्षी तिच्या नवऱ्याने धंद्यात यायची इच्छा दाखवली होती, आणि बाबांनी हसत सांगितलं होतं, "तुम्ही पाहुणे. पाहुण्यांना ओझं उचलायला लावायचं नसतं." बाबा प्रेमाने बोलले होते. नवरा ते प्रेम तेव्हापासून उराशी काट्यासारखं बाळगून होता. आता इतक्या वर्षांनी त्याला या घरात उचलायला काहीतरी मिळालं होतं, आणि तो ते खाली ठेवायला तयार नव्हता.

"काल रात्री त्यांनी काय खाल्लं?" तिने विचारलं.

"तीन अंडी, चीज, पालक," जावई म्हणाला. "ताट चकाचक. रोज चकाचक येतं. आईंना विचार."

आईने मान हलवली. ती टेबलाच्या टोकाशी बसून वाटाणे सोलत होती. घरात वाटाण्यांनाही बंदी होती, तरी सोलायची बंदी अजून कुणी घातली नव्हती.

तेव्हा सून बोलली. तिने बरेच दिवस तोंड मिटून ठेवलं होतं, आणि मिटलेलं तोंड उघडताना तिला जरा जास्तच जोर लागला. "अंड्यांनी काही होत नाहीये त्यांचं. मी आहे म्हणून उभे तरी आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रोज त्यांना दूध-पाव देते. साखर घालून. संध्याकाळी मऊ भात. तुम्ही फिरायला जाता तेव्हा."

बुटकी खुर्ची करकरली. जावई उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर त्याला प्रथमच टेबलावरचे सगळे चेहरे नीट दिसले. "वहिनी! गाठीला खाऊ घालताय तुम्ही!"

"मी माझ्या सासऱ्यांना खाऊ घालतेय! गाठीला हवं तर तिने वेगळं ताट मागावं!"

"तरीच!" जावई थोरल्याकडे वळला. "तरीच वजन उतरलं! घरात घातपात चालू होता!"

"पाव खाऊन वजन उतरतं?" थोरल्याने विचारलं. "हे तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे?"

"एक मिनिट," धाकटी म्हणाली. वर्गात तिचा हा स्वर निघाला की मागच्या बाकावरचे कुजबुजणंही थांबवत. "वहिनी, तुझी ताटलीसुद्धा रिकामी येते?"

"चाटूनपुसून."

"म्हणजे बाबा ह्यांचंही सगळं खातात आणि तुझंही सगळं खातात. दोन माणसांचं जेवण. मग ते बारीक का होतायत?"



"शक्यच नाही," जावई म्हणाला. "त्यांनी पाव खाल्लाच नाही. खाल्ला असता तर पट्टी जांभळी झाली नसती. आज सकाळी तर वांग्यासारखी गडद होती."

"मग माझी ताटली कोण रिकामी करतं?" सुनेला पाव वाया गेल्यापेक्षा शब्द खोटा पडल्याचं जास्त लागलं. "मांजर?"

"आपल्याकडे मांजर नाही," थोरला म्हणाला.

आई वाटाणे बाजूला ठेवून उठली. "मोरीतला नळ चालू राहिला वाटतं," ती म्हणाली आणि गेली.

नळ बंदच होता. आई मोरीचं दार लावून बादलीच्या काठावर टेकली आणि तिने कमरेचा हूक काढला. गेल्या काही आठवड्यांत तिने आपल्या एकेका कपड्याच्या शिवणी उसवून दाबून ठेवलेलं कापड बाहेर काढलं होतं, आणि आता उसवायलाही काही उरलं नव्हतं.

ते सुरू झालं अगदी साधं. जावयाने पहिल्या दिवशी ताट वाढून आणलं, कडेला पालकाची पानं फुलासारखी मांडून. मग तो दाराबाहेर थांबला, निकालाच्या दिवशी पोरं थांबतात तसा. बाबांनी एक घास तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि डोळे मिटले. "नाही जात," ते कुजबुजले. "तू खा. पटकन. नाहीतर तो रडेल बिचारा." तिने खाल्लं. ती आयुष्यात कधी तीन अंडी एकदम जेवली नव्हती. रिकामं ताट पाहून जावयाचा चेहरा असा उजळला की तिला दुसऱ्या दिवशी खरं सांगवेना. तेवढ्यात सून आली, पदराआड दूध-पाव लपवून. "आई, कुणाला सांगू नका हं. बाबांना द्या." तिचेही डोळे भरलेले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिने तेही खाल्लं.

तिला वाटलं होतं, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे. त्यांच्या तोंडाला चव येईल, ते जेवू लागतील आणि कुणाला काही कळणार नाही. संसारात अशा पुष्कळ गोष्टी तिने गिळून निभावल्या होत्या. पण चव आली नाही. दोन्ही पक्ष मात्र रिकामी ताटं बघून अधिक वाढू लागले. एकीकडून लोणी वाढलं, दुसरीकडून साखर. आणि पलंगावर पडलेला तिचा नवरा पाण्याचे दोन घोट आणि क्वचित अर्धं केळं एवढ्यावर दिवस काढत होता. ती रोज ठरवायची की आज सांगायचं. आणि रोज कुणीतरी मायेने भरलेलं ताट घेऊन दारात उभं राहायचं.

तिने तोंडावर पाणी मारलं. बाहेर थोरला आणि जावई मांजराबद्दल भांडत होते.

सोमवारी सगळे दवाखान्यात गेले. एकाला मागे ठेवलं तर दुसरा आपली बाजू मांडेल, अशी दोन्ही पक्षांना भीती होती. आहारतज्ज्ञ बाईंची केबिन एका टेबलापुरती आणि दोन खुर्च्यांपुरती होती. त्यात सहा जण शिरले. जावई फायलींच्या कपाटाला चिकटला, थोरला दाराच्या चौकटीत अडकला, आणि सून आणि धाकटी खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या. बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसून सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "यातले पेशंट कोण?"

विनोद नव्हता तो. बाबा सगळ्यांत मागे, आईच्या खुर्चीआड उभे होते.

त्यांना बसवलं. बाईंनी मुठीची ताकद मोजायचं एक यंत्र त्यांच्या हातात दिलं. "दाबा. जोर लावून."

बाबांनी यंत्राकडे पाहिलं. त्यांच्या हातातून आयुष्यात यापेक्षा हलकी वस्तू फारशी गेली नव्हती. त्यांनी दात आवळले, मानेची शीर फुगली आणि काटा थोडासा थरथरला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या आणि आकडा लिहून घेतला. त्यांनी तो मोठ्याने वाचला नाही. थोरला चौकटीतून बाहेर बघू लागला. लहानपणी या हातांनी त्याला एका दंडावर आणि बहिणीला दुसऱ्या दंडावर झुलवलं होतं. त्याला वाटलं, कुणीतरी आता ट्रकचा हॉर्न वाजवावा, काहीही व्हावं, म्हणजे निघता येईल.

"बरं," बाई म्हणाल्या. "जेवण काय घेतात?"

केबिनमध्ये एकाच वेळी तीन आवाज उठले. बाईंनी हात वर केला आणि आधी जावयाला बोलू दिलं. तो बोलला. गाठ, साखर, उपासमार, चरबी, परदेशातले अभ्यास. शेवटी त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात पट्ट्या होत्या, वाळवून ओळीने लावलेल्या, फिकट गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत. "बघा प्रगती," तो म्हणाला.

बाईंनी पिशवीला हात न लावता ती बघितली. "तुम्ही जे वाचलंत ते सगळं खोटं नाही," त्या म्हणाल्या, आणि जावयाने थोरल्याकडे विजयी नजर टाकली. "या आहारावर अभ्यास चालू आहेत. प्राण्यांवर झालेत, थोड्याथोड्या माणसांवर झालेत. काहींना झेपतो, काहींना अजिबात झेपत नाही. गाठीवर त्याचा नेमका किती उपयोग होतो, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. जिथे करतात तिथे डॉक्टर लक्ष ठेवून असतात, आणि वजन उतरत असलेल्या माणसाबाबत तर फारच जपून. म्हणजे, पण..."

जावई इथे नेहमी थांबायचा. पण हा लेख नव्हता, आणि केबिनमध्ये पळायला जागा नव्हती.

"...पण त्याची पहिली अट अशी की माणसाने जेवलं पाहिजे. हे जेवतात का?"

"ताट रिकामं येतं," जावई म्हणाला.

"माझंही," सून म्हणाली.

"मी त्यांना विचारतेय." बाई बाबांकडे वळल्या. "तुम्ही जेवता का?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई पर्सच्या चेनशी खेळत होती. उघड, बंद. उघड, बंद.

"ते नाही जेवत," आई म्हणाली. "मी जेवते."

"तुमचं नाही विचारलं, यांचं."

"तेच सांगतेय. यांचं मी जेवते. दोन्हीकडचं. अंडीपण आणि पावपण." पर्सची चेन तिने बंद करून टाकली. "ह्यांना जात नव्हतं आणि पोरांना सांगवत नव्हतं. तुम्ही हवं तर माझं वजन करा."

 बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

जावयाने पिशवी वर धरली. त्याला अजून एक आशा होती. "पण मग पट्टी? पट्टी तर जांभळी होते. रोज. ते न खाता कसं..."

"उपाशी माणसाचीही पट्टी जांभळीच होते," बाई हळू म्हणाल्या. "बाहेरून अन्न आलं नाही की शरीर स्वतःला जाळायला घेतं."

जावयाने पिशवीकडे पाहिलं. एकेक सकाळ तिच्यात होती. प्रत्येक सकाळी हा म्हातारा उपाशी होता आणि प्रत्येक सकाळी आपण फोटो काढून 'विजय' लिहिलं होतं.  बसायला खुर्ची नव्हती, म्हणून तो कपाटाला पाठ घासत सरळ जमिनीवर बसला. थोरल्याला आता बोलायला मोकळं रान होतं. कित्येक वर्षांत अशी संधी आली नव्हती.  पण वाकून त्याने भाऊजींच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आपल्या खिशात कोंबली.

"एका माणसाचा दोष नाही यात," बाई म्हणाल्या. "हा आजारच स्नायू खातो. पोटभर जेवणाऱ्यांचेही खातो. पण उपाशी राहिलं तर त्याला रान मोकळं मिळतं." मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा बाबांना विचारला, फक्त शब्द बदलून. "तुम्हाला काय होतं जेवताना?"

"मला विचारताय?" बाबा म्हणाले.

"तुम्हालाच."

 इतके दिवस बाबांच्या तोंडाबद्दल सगळे बोलत होते आणि त्यातून शब्द यायची सवय त्यांची मोडली होती. "लोखंड लागतं," ते म्हणाले. "काहीही तोंडात घातलं तरी. गंजकी साखळी चघळल्यासारखं. गरम असलं की वास येतो, वास आला की मळमळतं. आणि एवढं मोठं ताट समोर आलं की वाटतं, हे चौथ्या मजल्यावर चढवायचंय."

"मळमळीचं औषध घेता ना?"

"मळमळीला औषध असतं?"

बाईंनी नाक पुसलं आणि लिहायला घेतलं. मळमळीसाठी डॉक्टर औषध देतील. ताट नाही, वाटी, दिवसातून पुष्कळदा. गरम नको, गार चालेल. धातूचा चमचा नको, लाकडी वापरा. अंडी, दूध, चीज, दही ठेवा. लोणी घाला, थोड्याशात बरीच ताकद मिळते, जावयाचं ते बरोबर होतं. पाव आणि भातही ठेवा. सुनेचंही बरोबर होतं. चुकीची होती ती बंदी. आणि रोज थोडं चालायचं, बसल्या जागी हलकं वजन उचलायचं, ते व्यायामाचे सर शिकवतील, कारण नुसत्या खाण्याने स्नायू राहत नाहीत. "आणि आई," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमची साखर तपासून घेऊ."

आईची साखर वाढलेली निघाली. घरातल्या एकाच माणसावर दोन्ही आहारांचा पुरता परिणाम झाला होता.

पुढची फेरी लांबली. नंतरच्या तपासणीत बाबांचं वजन वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं, आणि डॉक्टरांनी तेवढ्यावर खूश होऊन तारीख दिली. आजार कुठे गेला नव्हता. तो कुठवर जाणार हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण घरात अजून आठवते ती त्या सोमवारची दुपार.

दवाखान्यातून आल्यावर स्वयंपाकघरात विलक्षण सौजन्य पसरलं होतं. "तुम्ही करा, भाऊजी." "छे छे, वहिनी, तुम्हीच करा." दोघंही एकमेकांच्या पाककृतींची स्तुती करत होते आणि भांड्याला कुणीच हात लावत नव्हतं. अखेर धाकटीने उकडलेलं अंडं कुस्करलं, त्यात लोणी घातलं, पावाचे बारीक तुकडे आणि चार चमचे गार दही घातलं आणि वाटी बाबांपुढे ठेवली. बाबा टेबलाशी बसले. पाच माणसं टेबलाभोवती उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

बाबांनी लाकडी चमचा उचलला, परत ठेवला. "बाहेर जा," ते म्हणाले.

"आम्ही काही बोलणार नाही, बाबा," थोरला म्हणाला.

"बघणं बंद करा. बाहेर जा सगळे. तूसुद्धा," ते आईला म्हणाले. "तू तर आधी."

दार लागलं. पॅसेजमध्ये कुणाचं तरी भलंमोठं कपाट उभं होतं, वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत. त्याच्या आणि भिंतीच्या मधे पाच जण अंग चोरून उभे राहिले.

आत बाबांनी पहिला घास घेतला. लोखंडच लागलं, पण गार लोखंड. गोळी घेतली होती, पोट गप्प होतं. त्यांनी तो घास चावून गिळला आणि थांबले. घर इतकं शांत त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. याच टेबलाशी त्यांनी उभ्या आयुष्यात आरडाओरड्याखेरीज एकही जेवण केलं नव्हतं. ट्रकची पोरं, आजोबांचा खोकला, थोरल्याची आणि धाकटीची मारामारी. दुसरा घास त्यांनी चमच्यात घेतला आणि तो तसाच राहिला.

बाहेर कुजबुज सुरू झाली.

"चमचा वाजला."

"लाकडी चमचा वाजतो का कधी?"

"मी ऐकलं ना. वाटीच्या तळाला लागला. म्हणजे लोणी संपलं."

"लोणी नाही हो भाऊजी, पाव. पाव तळाला जातो."

"वहिनी, पाव तरंगतो."

"दह्यात? दह्यात पाव तरंगतो? तूच सांग रे."

"मी काय सांगू? मला सामान हलवता येतं. पण तरंगतो तो."

"तू ह्यांच्या बाजूने कधीपासून?" ही सून होती, खरोखरच दुखावलेली.

"बाजूचा प्रश्न नाही, अगं. जे दिसतं ते..."

"काय दिसतं? दार बंद आहे!"

आत बाबांचे खांदे हलायला लागले. आधी त्यांना वाटलं, उमाळा आला. मग कळलं की आपण हसतोय. हसताना बरगड्या दुखत होत्या.

"अरे!" त्यांनी हाक मारली. आवाज बारीक निघाला, म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला.  "भांडायचं असेल तर आत येऊन भांडा. एकट्याला घास उतरत नाहीये."

दार इतक्या झटक्यात उघडलं की जावई आत कोसळताकोसळता वाचला. कान लावायला तोच सगळ्यांच्या पुढे होता. मागून बाकीचे घुसले. प्रत्येकाने हाताला लागेल ती खुर्ची ओढली, आणि जावई उंच खुर्चीत जाऊन बसला हे थोरल्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. सुनेने पाव पुढे सरकवला. धाकटीने ताटल्या मांडल्या.

"दह्यात पाव तरंगतो की नाही?" जावयाने विचारलं. त्याचे डोळे अजून लाल होते.

"आधी जेवा," बाबा म्हणाले, "मग सांगतो," आणि चमच्यातला घास त्यांनी तोंडात घातला.